येळवशीला नाकारलेली आंबील

"ज्याचं त्याला ठाऊक, आपण कशाला बोला?" हे वाक्य हल्ली शिकल्यासवरल्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं की माझं टाळकं सरकतं. त्यांना ते नवं शहाणपण वाटतं. पालमकडच्या आमच्या गावात मी ते लहानपणीच पोटभर ऐकलंय.

नामांतराच्या दंगलीच्या पावसाळ्यात आमच्या शेताशेजारच्या बौद्ध कुटुंबाचा गोठा कुणीतरी पेटवून दिला. कुणीतरी म्हणजे गावातल्या मोठ्या जमीनदाराच्या पोरानं. सगळ्यांना माहीत होतं. त्या घरची बाई पारापाशी येऊन म्हणाली, "वाईट झालं, एवढं तरी गावानं म्हणावं. मंग आमी ऱ्हातो. न्हाईतर परभणीला जातो."

जाणती माणसं म्हणाली, "दिवसच तसले हायत. दोन्हीकडून काई ना काई चुकलंच असंल." गोठ्याचं काय चुकलं होतं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. माझी आई घरात धुसफुसत राहिली, पण बाहेर तीही बोलली नाही.

मग हिवाळ्यात येळवस आली. त्या अवसेला आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवतं. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायची, आणि हाक आली की घोटभर आंबील तरी घ्यायची. नाही म्हणायची रीतच नाही. मी आईसोबत चालले होते. जमीनदारानं आम्हाला हाक मारली. त्याच्या शेतात अर्धं गाव पंगतीला बसलेलं.

आई बांधावरच थांबली. "दादा, तुमच्या पोरानं त्येंचा गोठा जाळला. लय वाईट केलं. तुमची आंबील माझ्या घशाखाली उतरायची न्हाई."

जेवणारे हात थांबले. इतके महिने ज्यांना काहीच ठरवता येत नव्हतं, त्यांनी तेवढ्यात ठरवून टाकलं, "सणासुदीला असं बोलणं बाईमाणसाला शोभतं का?" मला आईचा असा अभिमान वाटला की काय सांगू!

दुसऱ्या दिवशी आई मोठ्या उमेदीनं त्या बाईकडे गेली. सामान बांधून दारात ठेवलं होतं.

"कळलं मला, अक्का. लय बरं वाटलं," ती म्हणाली. "पर तवाच बोलल्या असत्या तुमी, तर ऱ्हायलो असतो. आता ह्येंनी परभणीत खोली बघितली."

आईनं एक बोचकं उचललं आणि एसटीच्या थांब्यापर्यंत तिच्या मागं मागं चालत गेली.