उंबऱ्याबाहेरून सव्वा शेर

अठराव्या वर्षी मी फार शहाणी होते. इतकी, की आज ती मुलगी समोर आली तर मी तिला आधी चहा देईन आणि मग कान पिळीन. पण ती चहाला थांबायची नाही. तिच्या पायाला भिंगरी होती. नगरच्या आमच्या दोन खोल्यांत ती दिवसातून शंभर वेळा दारापर्यंत जायची आणि परत यायची. आई म्हणायची, "कोणी येणार आहे का?" कोणी येणार नव्हतं. तिलाच जायचं होतं.

लढाई चालू होती. साखरेला रांग, रॉकेलला रांग. मी मॅट्रिक झाले होते, बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि राहुरीच्या एका मास्तरांचं स्थळ सांगून आलं होतं. ते मला बघायला आले तेव्हा माझ्यापेक्षा जास्त वेळ स्वतःच्या मनगटी घड्याळाकडे बघत होते.

अशात पुण्याहून दोन प्रोफेसर आले. पाथर्डीकडच्या एका गावात जमीन काय पिकवते आणि माणसं काय खातात, हे त्यांना शोधून काढायचं होतं. एक मातीचे सर, ते शेतात खड्डे खणायचे. दुसरे माणसांचे सर, त्यांना प्रत्येक घरात भाकरी थापायच्या आधी पीठ तोलून हवं होतं. चुलीपाशी पुरुषमाणूस कसा जाणार? लिहिता-वाचता येणारी मुलगी हवी होती. आमच्या पाळकांनी माझं नाव सुचवलं.

माणसांचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "वही नीट झाली तर तुला पुण्याला आमच्या कचेरीत घेईन. सकाळी कॉलेज, दुपारी काम." मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी चष्मा पुसला. "सर स्वतः घेऊन जात असतील तर जा. नाहीतर राहुरीला होकार कळवतो." झालं. माझं सगळं आयुष्य त्या वहीत जाऊन बसलं.

सर आणखी एक म्हणाले होते. "आपण शास्त्राचे लोक. आपल्याला जात नाही." मी मान डोलावली. आपल्याला नव्हती, पण गावाला होती. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण पुण्याला निघालेल्या बाईसाहेब असल्या बारीकसारीक गोष्टी कशाला सांगतील?

दोघे सर पाथर्डीच्या सरकारी बंगल्यात उतरले. मी गावात, वेशीबाहेरच्या आमच्या ख्रिस्ती आळीत, एका मास्तरांच्या घरी. पहिलं घर पाटलांचं. मी हातात तागडी, पिशवीत वजनं, काखेत वही अशी उंबऱ्यापाशी पोचले. पाटलीणबाई आतूनच म्हणाल्या, "तितंच बस गं बाय. तागडी ठिव खाली. मीच तोलते."

मी तागडी आणि वजनांची पिशवी खाली ठेवली. त्यांनी दोन्हींवर पाणी शिंपडलं आणि मग ती आत नेली. राग आला असता तर निदान आज सांगायला बरं वाटलं असतं. मला राग नाही, घाई आली होती. मी उंबऱ्याबाहेर बसले. आतून आवाज आला, "सव्वा शेर!" मी लिहिलं, सव्वा शेर. पुढे एक रकाना होता: कोणी तोलले. त्यात मी ऐटीत लिहिलं, 'स्वतः'.

मग हेच चालू झालं. सगळ्या घरांत उंबऱ्याबाहेर मी, आत तागडी, आणि आतून आवाज. तिकडचा वारा असा, की वहीचं पान एका जागी राहीना. पिशवी आत द्यायच्या आधी मी तिच्यातलं एक वजन काढून पानावर ठेवायची आणि लिहायची. तीन माणसांच्या घरी सव्वा शेर, अकरा माणसांच्या घरीही सव्वा शेर. बाईसाहेबांना यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, शास्त्रात नियम म्हणतात तो हाच असणार!

आठ दिवसांनी मी वही घेऊन बंगल्यावर गेले. माणसांच्या सरांनी ती चाळली. "अक्षर फार सुरेख आहे." मी पुण्यात पोचलेच होते. तेवढ्यात मातीच्या सरांनी, नखांतला चिखल काढता काढता, वहीत डोकावून विचारलं, "अकरा माणसं सव्वा शेरावर कशी भागवतात हो?"

"भागवतात," मी म्हटलं.

"आणि तिघं सव्वा शेर संपवतात?"

"संपवतात."

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा नखाकडे वळले.

त्या 'बरं'नं माझी झोप नेली, जेवण नेलं. रविवारी उपासनेत उभं राहायच्या वेळी मी बसले आणि बसायच्या वेळी उभी राहिले. सोमवारी सकाळीच उरलेल्या शेवटच्या घरी गेले. तिथे एक म्हातारी एकटीच राहत होती. सून-मुलगा कामाला बाहेर गेलेले. तिनं तागडी आत नेली नाही. दारातच बसली, माझ्या वहीकडे बघितलं आणि हसायला लागली.

"काय झालं, आजी?"

"तुझ्या कागदावर काय बसलंय गं ते?"

"पावशेराचं वजन. कागद उडतात म्हणून ठेवलंय."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग आत सव्वा शेर कशानं तोललं समद्यांनी? शेर हुता आत, अदशेर हुता. पावशेर तर हितं तुझ्यापुढं वारा खात बसलाय!"

मी वजनाकडे बघितलं. पावशेराचं तेवढं एकच होतं. आठ दिवस माझ्या नाकासमोर, माझ्याच अक्षराच्या उरावर बसलेलं.

"म्हणजे कोणी तोललंच नाही?"

"कोन तोलतंय? पाटलीन म्हनली सव्वा शेर. आता तिच्यावर दीड सांगावं तर सरकारी मानूस धान्य काढाया यील. शेर सांगावं तर जावा-भावजया दात काढतील. मंग बायांनी आडावर ठरिवलं, समद्यांचं सव्वा शेर. कुनी वर न्हाई, कुनी खाली न्हाई."

"मला आत घेतलं असतं तर..."

"तुला कशी घ्यायची?" म्हातारी सहज म्हणाली, जणू मी पावसाला का पडत नाहीस असं विचारलं होतं. मग पदराखालून तिनं अर्धी भाकरी काढून मला दाखवली, दुरूनच. बाजरी थोडी, कोंडाच जास्त. "ह्ये खाते मी. लिव्ह. लई दारी इचारलंस, आता लिव्ह."

मी लिहिलं. मग उठले आणि पाथर्डीच्या वाटेला लागले. वाटेत एका बाभळीखाली थांबले, कारण बाईसाहेबांना एक युक्ती सुचली होती. वही शिसपेन्सिलीची. अकरा माणसांच्या घरी सव्वा शेर खोडून तीन शेर केलं, तर कोणाला कळणार? दोन घरं दुरुस्त केली. तिसऱ्या घरी रबर जोरात फिरला आणि कागद काळा झाला. ते काळं पुसायला थुंकी लावली, तर भोकच पडलं. वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. चार पावलं गावाकडे गेले, आठ पावलं पाथर्डीकडे. पलीकडच्या शेतातला शेळ्यांमागचा म्हातारा मला बघून ओरडला, "काय हरवलं का बाय?" म्हटलं, "नाही, सापडलंय!" आणि धावतच सुटले.

बंगल्याच्या व्हरांड्यात दोघे सर चहा घेत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पावशेर, आड, सव्वा शेर, रबर, भोकसुद्धा. शेवटी ते 'स्वतः'. "सर, मी एकाही घरात गेले नाही. मला उंबऱ्याबाहेर बसवलं. मी लिहिलं की मी तोललं."

"मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला होता, आपल्याला जात नाही."

त्यांनी वही घेतली, भोक बघितलं. मग त्यांनी एकेका पानावर आडवी रेघ मारली. पान उलटलं की रेघ, पान उलटलं की रेघ. मी मोजत नव्हते, पण प्रत्येक रेघेबरोबर पुणं लांब जात होतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"तुमच्या आळीत तुला घरात जाता येतं ना? तिथलं तोल. चार दिवस मी थांबतो. पण पुण्याचं विसर. तिथे मला असा माणूस हवा, ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल."

इथे शहाण्या मुलीनं खाली मान घालायला हवी होती. पण माझी जीभ आधीच निघाली होती. "सर, डोळे मिटून ठेवलात म्हणूनच तर हे झालं. एकदा तरी गावात आला असता, तर मी कुठे बसते ते दिसलं असतं."

मातीच्या सरांच्या बशीतला चहा हसण्यानं सांडला. माणसांचे सर हसले नाहीत. ते लाल झाले आणि उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. राहुरी. घड्याळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते आमच्या आळीत हजर. चार दिवस ते घराघरात माझ्यामागे उभे राहिले, पीठ मी तोललं, आकडे त्यांनी लिहिले. एका बाईनं त्यांना चूल फुंकायला लावली, तीही फुंकली. एक घर दुसऱ्यासारखं निघालं नाही. एका घरी तर तोलायलाच काही नव्हतं. तागडी रिकामी वर उचलली आणि तेच लिहिलं. चार दिवसांत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले आणि पुण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं, तर रडले असते.

निघायच्या दिवशी मी तागडी द्यायला बंगल्यावर गेले. मातीचे सर खोकी बांधत होते. खोक्यांत पुरचुंड्या, प्रत्येक पुरचुंडीत एकेका शेताची माती. ते वर न बघता म्हणाले, "ही सगळी चाळायची, तोलायची, लिहायची. मला पुण्यात कोणीतरी हवंय. कॉलेज सकाळचं असतं ना?"

"मी आठ दिवस खोटं लिहिलंय, सर."

"ते मी वाचलं. मग तू आपण होऊन सांगितलंस, तेही ऐकलं. आणि माती पाणी शिंपडून तागडी घेत नाही. येतेस का?"

मी नगरला घरी पोचले तेव्हा बाबा दारातच उभे होते. राहुरीला पाठवायचं कार्ड त्यांनी लिहून ठेवलं होतं, फक्त टाकायचं बाकी होतं.

"काय ठरलं? सर स्वतः घेऊन जातायत?"

"हो, बाबा. सोमवारी."

कोणते सर, ते त्यांनी विचारलं नाही. मी ट्रंक काढायला आत पळाले.