वल्ह्याचे पेन

"फुटलं काय जी, भाऊ?"

सुशीलाबाई स्टुलावरून उठून जवळ आल्या. मी मशीन बंद केली. तुकड्याच्या टोकाची एक ढलपी उडून भुशात पडली होती. "फुटलं, बाई," म्हटलं.

ब्रह्मपुरीत आमचं खरादाचं दुकान आहे. खरादी म्हणजे लाकूड मशीनवर फिरवून गोल करणारा. अब्बांच्या काळात खाटेचे पाय, लाटणी, पाळण्याचे दांडे व्हायचे. आता लाकडी खाट कोणी मागत नाही. मी मुख्यतः पेन करतो. बाकी भाग तयार सेटमध्ये येतात, लाकूड आपलं.

सुशीलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. ढिवराघरची लेक. त्यांचे वडील वैनगंगेवर डोंगा चालवायचे, म्हणजे माणसं पल्याड नेणारी नाव. पूल झाला, डोंगा थांबला. वल्हं मात्र गोठ्यात राहिलं. त्याचं पातं वाळवीने खाल्लं, मुठीकडचा सागवानी दांडा तेवढा वाचला. आईच्या वर्षश्राद्धाला भावंडं जमणार होती. प्रत्येकाला त्या दांड्याचा एक पेन द्यायचा, असं बाईंच्या मनात होतं. दांड्यात जेमतेम तेवढेच तुकडे निघाले. जास्तीचा एकही नाही.

पेनाच्या अशा चौकोनी तुकड्याला आम्ही ब्लँक म्हणतो. त्याला आरपार भोक पाडून पितळी नळी चिकटवायची. मग खरं नाजूक काम. दोन्ही टोकं नळीला अगदी काटकोनात हवीत. जरा तिरपी राहिली, की लाकूड आणि धातूच्या मधे फट दिसते. जास्त घासलं गेलं, तर नळी आखूड होते आणि रिफिल आत जात नाही. यासाठी ट्रिमर असतो. त्याची दांडी नळीत जाते आणि दाते टोक सपाट करतात. ताज्या सागावर तो छान चालतो. पण हे लाकूड वर्षानुवर्षं पाणी पिऊन वाळलेलं. दाते लागताच टोक तडकलं.

"आता कसं कराचं?" बाईंनी भुशातली ढलपी उचलून घेतली.

"बाकीच्याले हा ट्रिमर लावत नाई. तुमी बसा."

मी लाकडाची एक जाड चकती मशीनवर फिरवून सपाट केली. काटकोन तपासायचा गुनिया लावून पाहिला, मधून कुठून उजेड येत नव्हता. चकतीवर पॉलिश पेपर चिकटवला. समोरच्या बाजूला, मशीनच्या मध्यरेषेवर, नळीत नेमकी बसेल अशी लोखंडी सळई घट्ट बसवली. ब्लँक सळईवर चढवायचा आणि हाताने हळूहळू फिरत्या चकतीवर सरकवायचा. सळई सरळ, चकती सरळ, म्हणून टोकही सरळ. दात्यांसारखं ओरबाडणं नाही, नुसतं घासणं. पितळेची कडा चमकली की थांबायचं.

काम सावकाशीचं होतं. बाई बोलू लागल्या.

"बाबा कोणाले पाण्यात हात घालू देत नवते. 'हात आत घे,' असे वरडत."

माझा हात थांबला. "लाल दुपट्टा बांधत होते काय?"

"हो. तुमाले कसं मालूम?"

मी लहान असताना अब्बा नदीपल्याड वडशाच्या बाजाराला खाटेचे पाय नेत. मोळी डोंग्यात मधोमध ठेवायची आणि मी तिच्यावर बसायचो. एकदा पाण्यात बोटं बुडवली, तर डोंगेवाला असा ओरडला की मी अब्बांचा सदराच धरला. पलीकडे उतरताना त्याच माणसाने मला उचलून कोरड्या वाळूवर ठेवलं. त्याच्या अंगाला मासळीचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्या पदराने डोळे पुसत हसल्या.

"माह्या बापानं तुमाले उचललं, अन् आता तुमी त्याचं वल्हं धरून बसले."

मी पुढचा ब्लँक चढवला. तो नीट उतरला, त्यानंतरचेही.

राहिला तडकलेला. "तो माहा समजा," बाई म्हणाल्या. "तसाच द्या."

तसाच देणं शक्य नव्हतं. टोकाचं तडकलेलं लाकूड नळीवरून कापून काढलं. अब्बांच्या पेटीत टेंभुर्णीच्या गाभ्याचा काळाभोर तुकडा पडून होता. त्याची कडी करून उघड्या नळीवर बसवली. जोड दिसू नये म्हणून दोन्ही तोंडं आधी चकतीवर घासली. पॉलिश केल्यावर तपकिरी सागाला काळी किनार आली.

वर्षश्राद्धानंतर बाई तिथलं सांगायला मुद्दाम दुकानात आल्या. त्यांचा धाकटा भाऊ अहेरीला नोकरीला असतो, फार बोलत नाही. पेन हातात घेऊन तो म्हणाला, एकदा भर नदीत बाबांनी वल्हं माझ्या हाती दिलं होतं, आईला सांगू नको म्हणाले होते. इतकी वर्षं त्याने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मग सगळ्यांनीच आपापलं सांगायला सुरुवात केली. जेवणं थंड झाली.

"अन् काळ्या कडीचा पेन त्याले पायजे होता," बाई म्हणाल्या. "म्या नाई देल्ला."

जुनं लाकूड आलं की मी आता ट्रिमर काढत नाही. चकतीवर वेळ जास्त लागतो. गिऱ्हाईक बसून राहतं, आणि बसलं की बोलतं. तो वेळ आधीच हिशोबात धरून काम घ्यावं.