न चाखलेलं कालवण

आमच्या आळीत देव सगळ्यांच्या घरी आहे. पण तो बहुतेक घरांत देव्हाऱ्यात बसतो आणि सकाळची उदबत्ती लागली की दिवसभर त्याला कुणी त्रास देत नाही. दमयंतीवहिनींनी मात्र त्याला स्वयंपाकघरात नेऊन कामाला लावला. हे सगळं मला ठाऊक आहे, कारण त्यांची खानावळ आमच्या घराच्या बरोबर समोर आहे आणि माझी आरामखुर्ची अशा जागी आहे की तिथून त्यांचं पुढचं दारही दिसतं आणि मागचंही. खुर्ची मी मुद्दाम तिथे ठेवली, असं आमची ही म्हणते. तिचं खरं आहे.

वहिनी मूळच्या हर्ण्याच्या. वडील मासळीच्या लिलावात बोली लावायचे, तोच आवाज लेकीच्या गळ्यात आला. लग्न होऊन रत्नागिरीत मांडवीच्या मागच्या आमच्या आळीत आल्या, तेव्हा यजमान सदूभाऊ एसटीच्या वर्कशॉपात होते. आधी बँकेतल्या दोन कारकुनांचे डबे, मग पडवीत एक बाक, मग दोन, असं करत खानावळ वाढली. बोर्ड अजून नाही. दुपारी बाराच्या सुमाराला बांगड्याच्या कालवणाचा, तिरफळाचा वास आळीभर फिरतो आणि माणसं आपापली आत येतात. बोर्ड रंगवून जास्त काय होणार होतं?

त्यांची रांधायची एक पद्धत होती. कालवणाला उकळी आली की पळीने एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, तो जिभेला लावायचा, डोळे मिटायचे. मग एक तर चिमूटभर मीठ पडे, नाहीतर नुसतं ‘हूं’ होई. ‘हूं’ झालं की टोप उतरायचा. त्या ‘हूं’पुढे रत्नागिरीत अपील नव्हतं.

गेल्या वैशाखात मुलाचं, अजिंक्यचं, लग्न लागलं. सांगलीकडची दिशा सून म्हणून घरात आली आणि वहिनी म्हणाल्या, आता थोडं आपल्यापुरतं बघू. शेजारच्या विमलाकाकू त्यांना सत्संगाला घेऊन गेल्या. राजापूरकडच्या मठातले एक महाराज आले होते. वहिनींनी त्यांच्या हातून तुळशीची माळ घातली. माळ घातली म्हणजे मासे बंद. हर्ण्याच्या पोरीने मासे सोडले ही बातमी मी स्वतः सगळीकडे पोचवली, आणि पहिली ताजी तारली दारात येईपर्यंत ही माळ टिकेल असं भाकीतही सोबत जोडलं. तारली आली, पेडवे आले, सुरमई आली. वहिनींच्या पानात काळ्या वाटाण्याची उसळ आणि भात. भाकितं करण्याचा धंदा मी तेव्हापासून आवरता घेतला.

महाराजांना त्यांनी आधीच विचारलं होतं की मी मासळीची खानावळ चालवते, तर कसं करू. महाराज हसून म्हणाले, रांधणं सोडू नकोस, रोजच्या कामात देव बघ. कसा बघायचा ते विचारायच्या आत त्यांची गाडी सुटली.

आता रोजच्या कामात देव बघायचा म्हणजे वहिनींनी आपल्या समजुतीने काय केलं? डाव्या हातात जपाची माळ आणि उजव्या हातात पळी. इकडे वाटण परततंय, तिकडे मणी सरकतोय. चाखायचं तर बंदच. थेंब सवयीने तळहातावर यायचा, हात तोंडाकडे निघायचा, अर्ध्या वाटेत थबकायचा आणि मुकाट नळाखाली जायचा. पावसाळ्यात होड्या बंद, गिऱ्हाईक तुरळक, सुक्या कोलंबीच्या सोड्यांवर दिवस निघाले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या आणि धाकू तांडेल आपले खलाशी घेऊन दुपारी हजर झाला. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. तो जिथे जेवतो तिथे मिरकरवाडा बंदरावरची निम्मी माणसं जेवतात, आणि तो जिथून उठतो तिथून निम्मं बंदर उठतं. त्या दिवशी वहिनी नामात इतक्या रंगल्या होत्या की बांगड्याच्या टोपात मीठ दोनदा पडलं. धाकूने पहिला भुरका मारला, भांडंभर पाणी प्यायला आणि शांतपणे म्हणाला, “वहिनी, समुद्रात पडलो असतो तर एवढंच मीठ तोंडात गेलं असतं. इथवर चालत कशाला आलो?”

खलाशी हसले आणि पानं तशीच टाकून उठले. वहिनी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी धाकू आला नाही, तिसऱ्या दिवशी बँकवाले पण कमी झाले.

मग चाखणाऱ्याचा शोध सुरू झाला. पहिला मान सदूभाऊंचा. पण सदूभाऊंनी लग्न झाल्यापासून बायकोच्या प्रत्येक गोष्टीला ‘सुंदर’ म्हटलेलं. संसार टिकवायला हा शब्द उत्तम, कालवणाला अगदी निरुपयोगी. मग मी आपणहून पुढे झालो. पहिल्याच दिवशी चाखता चाखता माझी वाटी संपली आणि नोकरीही. शेवटी काम दिशाकडे आलं. पोरगी मनापासून चाखायची, पण जीभ सांगलीची. तिला प्रत्येक टोपात तिखट कमी वाटायचं. तिच्या सांगण्यावरून चटणी वाढत गेली आणि एक दिवस पोस्टातले एक गृहस्थ डोळे पुसत बाहेर पडले. मी विचारपूस केली, मला वाटलं घरी काही झालं.

आता दोन्ही बाजूंनी माणसं वहिनींच्या मागे लागली. सदूभाऊंचं म्हणणं, दिवाळीला खानावळ बंद करू, खूप झालं. विमलाकाकूंचं म्हणणं, बंद कशाला, शाकाहारी कर, सत्संगाची सगळी ऑर्डर तुला. नाहीतर माळ तरी उतरव, हे असं मासळीच्या वासात तुळस बरी नाही. वहिनींनी महाराजांच्या शब्दांची आठवण दिली, तर काकू म्हणाल्या, महाराज तसं म्हणतात, त्याचा अर्थ वेगळा असतो. एवढं शुद्ध बोलून काकू घरी गेल्या. त्यांचे यजमान दर बुधवारी त्याच खानावळीच्या मागच्या दाराने सुरमईची तळलेली तुकडी नेतात, हे काकूंना अजून माहीत नाही. मीही सांगितलेलं नाही. शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?

खानावळ वहिनींनी आपल्या मनगटाच्या जोरावर उभी केलेली. माळही आपल्या मर्जीने घातलेली. यातलं एक टाक असं सगळे सांगत होते आणि त्यांना दोन्ही हवं होतं. त्या ना रडल्या, ना भांडल्या. फक्त गणपती येईपर्यंत मला कुणी काही विचारू नका म्हणाल्या.

गणपती आले, गौर आली. आमच्याकडे गौर माहेरवाशीण. तिला पुरणपोळीवर भागवत नाही, तिखटाचा नैवेद्य लागतो. कुणाकडे मटण-वडे, कुणाकडे कोलंबी, कुणाकडे चिंबोरी. वहिनी थोरल्या सूनबाई, तेव्हा हा नैवेद्य त्यांच्या हातचा. विमलाकाकूंनी यंदा जावेला करू दे म्हणून सुचवून पाहिलं. वहिनींनी सरळ अंघोळ केली, ओल्या केसांना पंचा गुंडाळला आणि चुलीपुढे बसल्या.

पुढचं मला खुर्चीतून दिसलं नाही. दिशाने आमच्या हिला कुंपणाच्या गडग्यावरून सांगितलं, आणि हिने मला सांगताना काही गाळलं असेल तर ती जबाबदारी तिची.

कोलंबीचं कालवण उकळायला लागलं. दिशा बाजूला बसून वडे थापत होती. इतके दिवस रोज चाखायची सवय लागलेली, तिचा हात आपसूक पळीकडे गेला. वहिनींनी तो वरच्या वर धरला.

“काय गो करतेस? नैवेद्य आहे. गौरीच्या आधी चाखायचा नसतो.”

दिशा ओशाळली. हात मागे घेतला. मग थोड्या वेळाने, अगदी भाबडेपणाने, तिने विचारलं, “मग आई, मीठ बरोबर पडलं हे तुम्हाला कसं कळतं?”

“कळतं,” वहिनी म्हणाल्या.

पळी हातातच राहिली. दिशा म्हणते, कालवण खाली लागेल म्हणून शेवटी मीच टोप उतरवला.

विचार करा. लग्न झाल्यापासून दर भाद्रपदात ही बाई गौरीचा नैवेद्य एकदाही न चाखता रांधत आली, आणि एकदाही तो चुकला नाही. आमच्या आळीतल्या कुठल्याच बाईचा चुकत नाही. त्या दिवशी कुणी गप्पा मारत नाही, कुणाचा फोन घेत नाही. नारळ किती ओला आहे ते हाताला कळतं, वाटण शिजलं की नाही ते वासाला कळतं, मीठ चिमटीला कळतं. जीव सगळा टोपात असतो, कारण जेवायला कोण बसणार आहे हे ठाऊक असतं. संध्याकाळी मी त्या कोलंबीवर दोनदा भात घेतला. सदूभाऊ ‘सुंदर’ म्हणाले, आणि त्या दिवशी ते खरंही होतं.

विसर्जन झालं आणि वहिनींनी खानावळीत नवी शिस्त लावली. जपाची माळ सकाळी देव्हाऱ्यात टांगायची, रांधून झाल्यावरच परत हातात घ्यायची. रांधताना बोलायचं नाही. कुणी काही चाखायचं नाही. पहिलं पान जो बसेल त्याचं, आणि ते पान वाढेपर्यंत सगळा स्वयंपाक नैवेद्य. मग पुढे बँकवाला बसो, एसटीचा कंडक्टर बसो, नाहीतर मी. मला गौरीच्या जागी बसवलेलं ऐकून आमची ही बराच वेळ हसत होती. माझं मात्र यात नुकसान झालं. वहिनींच्या खिडकीतून रोज सकाळी आळीभरच्या बातम्या मिळायच्या, तो झरा आटला.

विमलाकाकूंना हे समजलं तेव्हा त्या तावातावाने आल्या. नाम खुंटीला आणि मासे चुलीवर, ही कसली भक्ती, म्हणाल्या. वहिनी कोकम निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, “काकू, नाव घेताना मीठ दोनदा पडलं. म्हणजे मी टोपात नव्हते. आणि नावात असते तर धाकूचे खलाशी उपाशी उठले नसते. मी कुठेच नव्हते. आता निदान टोपात असते.”

काकूंनी कोकमाचा भाव विचारला आणि निघाल्या. बुधवार होता. त्यांच्या यजमानांना मागच्या दारातून पळ काढावा लागला, आणि या वयात माणूस किती चपळ असतो ते मी पाहिलं.

थोडे दिवस गेले. हळूहळू बाक भरायला लागला, पण बंदरावरचं कुणी फिरकत नव्हतं. सदूभाऊ दिवाळीकडे डोळे लावून बसले होते. वहिनींनी कुणाला निरोप धाडला नाही. मी मात्र बंदरावर भाजी घ्यायला गेलो असताना, हो, बंदरावर भाजी, धाकूच्या कानावर घातलं की दमयंतीवहिनी आजकाल कालवण चाखत नाहीत, कुणाला चाखूही देत नाहीत. धाकू म्हणाला, म्हणजे बाईला वेडच लागलं. आणि वेड बघायला दुसऱ्या दुपारी आला.

खलाशी दारातच थांबले. चपला कुणी काढल्या नाहीत. आधी तांडेल चाखणार, मग बाकीच्यांनी ठरवायचं, असा एकूण बेत. धाकू एकटा बाकावर बसला. पहिलं पान त्याचंच होतं. वहिनींनी भात वाढला, त्यावर बांगड्याचं कालवण, बाजूला तळलेली तुकडी, वाटीत सोलकढी. हात जोडले नाहीत, काही पुटपुटल्या नाहीत. पदराला हात पुसून उभ्या राहिल्या. मी माझी खुर्ची सोडून पडवीत आलो होतो, कारण खुर्चीतून ऐकू नीट येत नाही.

धाकूने कालवणाचा भुरका घेतला. तोंडात घोळवला.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

सदूभाऊंचा चेहरा पडला. दिशा मिठाची बरणी घेऊन धावली. वहिनींनी तिला हातानेच थांबवलं.

“मीठ बरोबर आहे.”

“तुम्ही चाखलंत?”

“नाही.”

“मग कशावरून?”

“तांडेल, चार दिवस तुम्ही खाऱ्या वाऱ्यात होता. ओठांवर मीठ आहे, दाढीवर मीठ आहे. तुमची जीभ आधीच खारट झालीय. पाणी प्या. नुसत्या भाताचा एक घास खा. मग कालवण घ्या. तरी कमी लागलं तर हा टोप तुमच्यासमोर मोरीत ओतते आणि उद्यापासून विमलाकाकूंना फराळाचं करून देते.”

लिलावातला आवाज होता तो. चढा नव्हता, पण पुढे बोली लावायची सोय नव्हती. दारातला एक खलाशी उगाच खोकला. सदूभाऊंनी टोपाकडे असं पाहिलं की जणू तो आत्ताच मोरीत गेला.

धाकू पाणी प्यायला. नुसत्या भाताचा घास घेतला, सावकाश चावून खाल्ला. मग भातावर कालवण ओढलं, बांगड्याचा मधला तुकडा मोडला, आणि दुसरा घास. तिसरा. वहिनी त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्या मागे वळल्या, तव्यावर तेल सोडलं आणि खलाशांसाठी तुकड्या मांडायला लागल्या. चर्र आवाज पडवीपर्यंत आला.

धाकूने आणखी भातासाठी पान पुढे सरकवलं. मान वर न करता दारातल्यांना म्हणाला, “चपला काढा रे.”