दोन वाजताचा रिलिव्हर

दुपारी दोनच्या सुमाराला फाटकाशी सायकलची घंटी वाजायची आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा उजळायचा. माझ्यासाठी तो तसा उजळला होता त्याला बराच काळ लोटला होता. मी सकाळपासून त्यांच्या मागे असायची. अंघोळ, दाढी, गोळ्या, शर्टाची बटणं. आणि उजेड पडायचा तो त्या सायकलवाल्या म्हाताऱ्यासाठी.

हे स्टील प्लांटमध्ये, रोलिंग मिलच्या कंट्रोल केबिनमध्ये होते. पंचेचाळिशी ओलांडली आणि डोक्यातून एकेक गोष्ट निसटू लागली. आधी माणसांची नावं, मग घरी यायचा रस्ता, मग बटणांचा क्रम. मोठ्या दवाखान्यात स्मृतिभ्रंश म्हणाले. हा म्हातारपणाचा आजार ना, असं मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, कधी कधी लवकरही गाठतो. नोकरी सुटली. क्वार्टर तेवढं आमच्याकडे राहिलं.

आता अशा माणसांसाठी दिवसभराची केंद्रं निघाली आहेत, घरच्यांशी बोलायलाही कोणी असतं, असं वाचते. तेव्हा मध्य प्रदेशातल्या आमच्या भिलाईत असलं काही आमच्या कानावर नव्हतं. मग जे काही लागेल ते मीच उभं केलं. स्वयंपाकघराच्या दारामागे वेळापत्रक चिकटवलं. सकाळी मी शाळेत शिकवायला जायची, तेव्हा शेजारची छत्तीसगढी दीदी यांच्याजवळ बसायची. डब्यांवर चिठ्ठ्या, न्हाणीघराच्या दारावर बादलीचं चित्र, फाटकाला वरून कडी. सगळं चालायचं. फक्त दुपारचं जेवण चालेना.

दीड वाजला की हे व्हरांड्यात जाऊन उभे राहत. हातात माझ्या लोखंडी कपाटाची किल्ली. ती यांच्या लेखी केबिनची होती.

"जेवायला चला," मी म्हणायची.

"रिलिव्हर नाही आला अजून."

प्लांटमधल्या घरांना हे सांगावं लागत नाही. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आणि त्याला चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आलाच नाही तर दुसरी पाळीही आपणच करायची. हे सगळं विसरले, पण एवढं विसरले नाहीत. मी म्हटलं, ड्युटी संपली. ऐकलं नाही. मी घड्याळाचे काटे पुढे केले, तर म्हणाले, "पाहा, किती लेट झाला तो!" मी हात पुढे करून म्हटलं, "द्या तो चार्ज माझ्याकडे." माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर सावरला.

"बायकांले आत कोणं सोडलं?"

दुपारचं ताट रोज झाकून राहायचं. गालफडं आत गेली. नागपूरच्या मोठ्या दिरांनी कळवलं, तुला जमत नसेल तर आम्ही घेऊन जातो. तुला जमत नसेल तर! मी त्या दिवशी सगळे डबे पुन्हा घासले.

मग हा सायकलवाला आला. भंडाऱ्याकडचा शेतकरी घरातला, यांच्यानंतरच्या पाळीवर वर्षानुवर्षं यायचा. आता रिटायर होऊन जवळच बोरसीत राहत होता. सहज भेटायला म्हणून आला तो नेमका दोन वाजता. हे व्हरांड्यात उभे.

"अबे म्हाताऱ्या, किती वाट पाहाले लावतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, यांच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं आणि सायकल भिंतीला टेकवून म्हणाला, "चाक पंक्चर झालं होतं ना बे. बोल, काय काय चालू आहे?"

"दोन नंबरची मोटर गरम होऊन राहिली. लक्ष ठेव."

"ठेवतो. चाबी दे. जाय आता घरी."

यांनी किल्ली दिली, चार पावलं चालून घरात आले, पाटावर बसले आणि तीन पोळ्या खाल्ल्या.

त्या दिवसापासून तो रोज यायचा. मला आभार मानायला हवे होते आणि मी मानायचीही, चहासकट. पण एकदा चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "वहिनी, याले चहात अद्रक नाही आवडत. केबिनमंदी कोणी टाकलं तर फेकून देये."

लग्न झाल्यापासून मी यांच्या चहात आलं घालत होते. घरी कधी फेकला नाही. म्हणजे खरा माणूस तिकडे केबिनमध्ये होता आणि माझ्या वाट्याला आला तो चहा मुकाट्याने पिणारा. मी व्हरांड्यातलं त्यांचं हसणं आतून ऐकायची आणि कणीक हवी त्यापेक्षा जास्त तिंबायची. माझ्याच कपाटाची किल्ली रोज त्याच्या हातात जायची आणि तो ती जाताना खिडकीत ठेवायचा, मला भीक घातल्यासारखी. तो तसं मुळीच करत नव्हता. मला तसं दिसायचं.

एक दिवस तो म्हणाला, "वहिनी, मी आता गावाकडे चाललो. पोरगा शेतीपाण्यासाठी बोलावून राहिला."

मला आनंद झाला. दुसऱ्याच क्षणी झाकलेलं ताट आठवलं.

"मग यांचं काय?"

"चार्ज तुमी घ्या."

"मला देत नाहीत ते. मागून पाहिलाय."

"कुठून मांगतला?"

"कुठून म्हणजे? आतून आले, मागितला."

तो हसला. "आतून कोणता रिलिव्हर येते? रिलिव्हर गेटातून येते. कावून देईन तो तुमाले?"

इतकी साधी गोष्ट. इतक्या वर्षांची प्लांटवाल्याची बायको मी, आणि दर वेळी पोळपाटापासून उठून चार्ज मागत होते.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी मागच्या दाराने निघून, वळसा घालून फाटकाशी आले. साडीवर यांचाच जुना खाकी शर्ट, डोक्यावर म्हाताऱ्याने आणलेलं त्याचं प्लांटमधलं जुनं हेल्मेट. तो बाजूला उभा राहून म्हणाला, "हे नवीन रिलिव्हर. माह्या जागी. बाई आहे, पण पक्की आहे."

यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. लग्नाआधी बघायला आले होते तेव्हाही असं न्याहाळलं नव्हतं.

"दोन नंबरची मोटर गरम होते," हे म्हणाले.

"लक्ष ठेवते."

"आवाज बदलला तर बंद करजो. घाबरू नको." मग किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि जरा वाकून, खासगी बोलावं तसं म्हणाले, "चाललो मी. घरवाली जेवाची थांबली असन. ते बोलत नाही काही. पण मी गेल्याशिवाय घास नाही घेत."

चेहरा तसाच उजळला होता. आणि मला पुन्हा हेवा वाटला, या खेपेला आत वाट पाहणाऱ्या त्या बाईचा.

हे आत वळले तशी मी मागच्या गल्लीकडे धावले. हेल्मेट दीदीच्या कुंपणावर टाकलं, शर्ट दोरीवर, आणि हे पाटावर टेकेपर्यंत मी वाढायला हजर होते, धापा टाकत.

"उशीर झाला आज," मी म्हटलं.

"नवीन रिलिव्हर आहे. तिले समजावून राहिलो होतो."

"तिला? बाई आहे?"

"हो. कामाची वाटते."

मी भाजी वाढली. विचारायचं नव्हतं, पण विचारलंच. "दिसायला कशी आहे?"

यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तो तसाच हातात धरला.

"तुयासारखी नाही," म्हणाले आणि जेवू लागले.