वेदीच्या पुढचा बिंदू

अरेकिपा शहरातले कॅप्टन फेर्मिन सेगारा तीस वर्षं विमान चालवून निवृत्त झाले, पण विमानातला संगणक काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. हा संगणक विमानाला एका बिंदूकडून दुसऱ्याकडे नेतो, आणि बहुतेक बिंदूंना न शिवता अलीकडूनच कोपरा कापून वळतो. कॅप्टनही रोजची वाट वहीत लिहून तस्सेच वळायचे. रविवारी बायकोने, ओफेलियाबाईंनी, रश्श्यासाठी तीन टोकांचा पाव आणायला धाडलं, की बेकरीच्या दहा पावलं अलीकडून वळून हात हलवत परत!

"पाव कुठाय?"

"बेकरी झाली की!"

"डोंबल झाली! रस्सा काय तुमच्या टोपीबरोबर खाऊ?"

घरात हे खपून गेलं. मग लेकीचं, रोसाउराचं लग्न ठरलं. बापाने तिला हात धरून वेदीपाशी न्यायचं, एवढंच काम. पण चर्चमधल्या तालमीत कॅप्टन तिसऱ्या बाकापाशीच लेकीसकट झोकात वळले आणि थेट दाराबाहेर! नवरा वेदीपाशी आ वासून उभा.

रोसाउरा रडकुंडीला आली. "पप्पा, एवढं एकदाच नीट करा हो. नाहीतर मी मामाचा हात धरून जाईन."

कॅप्टनना ते फार लागलं. दोन दिवस वही चाळत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काही बिंदू असे असतात, की त्यांच्या डोक्यावरून गेल्याशिवाय वळायचंच नाही. वेदीला तशी खूण करतो." आणि वहीत केलीसुद्धा.

लग्नात कॅप्टन नाकासमोर चालत गेले. लेकीचा हात जावयाच्या हातात दिला. वऱ्हाडाने हुश्श केलं. आणि कॅप्टन तसेच पुढे निघाले! पाद्रीबाबांना वळसा नाही, मेणबत्त्यांची पर्वा नाही, मागच्या दाराने सरळ रस्त्यावर. पुढचा बिंदू दिलेला नसला, की संगणक विमानाचं नाक आहे त्याच दिशेला ठेवून जात राहतो.

ओफेलियाबाईंनी उंच टाचांचे बूट हातात घेतले आणि धावत जाऊन त्यांना नदीच्या पुलावर गाठलं.

"अहो, निघालात कुठे?"

कॅप्टनचे डोळे भरले होते. "वेदीच्या पुढे वहीत काहीच नाही गं. लिहायला बसलो होतो, पण पोर गेल्यावर पुढे काय ते सुचेचना."

बाईंनी त्यांच्या खिशातली वही काढून हातात दिली.

"लिहा, पुढचा बिंदू: ओफेलिया. आणि अलीकडून वळलात तर तंगडी मोडीन."