आमच्या गाडीतले पांढरे कपडे

वणीच्या आमच्या घरात टीव्हीच्या वर बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्या बाजूला, चार बोटं खाली, एका मोटारीच्या जाहिरातीची. काच, चौकट, खिळा सगळं सारखंच. नव्या पाहुण्याला वाटतं, घरातलं कोणी वारलेलं असेल. मग तो जवळ जाऊन पाहतो, आणि बाबांना तेवढंच पाहिजे असतं.

जुन्या मासिकातलं पान आहे ते. कच्चा रस्ता, मागे धुरळा, पुढे दोन गाड्या. एक साधी, आमच्याच मॉडेलची. दुसरी लांबलचक, परदेशी, जिचं नाव छापणाऱ्यांनी चलाखीनं झाडाच्या फांदीआड दडवलेलं. दोन्ही गाड्यांजवळ एकेक गृहस्थ उभा, पांढरेशुभ्र कपडे घालून, आणि दोघंही हसून राह्यले. खाली लिहिलंय, 'एकाने बंगल्याइतकी किंमत मोजली. दुसऱ्याने डोकं वापरलं. कपड्यांवरून ओळखा पाहू.' म्हणजे त्या नवाबी गाडीत धूळ शिरत नाही तशी आमच्याही गाडीत शिरत नाही.

बाबा कोळसा खाणीच्या ऑफिसात बाबू होते. मी बालवाडीत असताना बदली होऊन चाललेल्या एका साहेबाची ही गाडी त्यांनी घेतली आणि डिकीत, स्टेपनीच्या खाली, हे पान सापडलं. लोक जाहिरात वाचून गाडी घेतात. आमच्या बाबांनी गाडी आधी घेतली आणि जाहिरातीवर भरोसा नंतर ठेवला, तो अजूनही सुटलेला नाही. रस्त्यानं कोणाचीही मोठी गाडी गेली की म्हणणार, "पाह्य, ती दुसरी चालली. फांदीआडची." आई एकदा वैतागून म्हणाली होती, "तुमची दुसरी फांदीआडच राहू द्या, घरी नका आणू."

आता खरं सांगते. आमच्या गाडीत धूळ शिरते. अशी तशी नाही, खिडक्या बंद करा, देवाचं नाव घ्या, काहीही करा, शिरते. आणि वणीची धूळ म्हणजे कोळशाची भुकटी. ट्रकावरची ताडपत्री फडफडली की मागच्या गाडीचं तोंड काळं. त्यात आमच्या घरी पांढरं नेसायचे प्रसंग कमी नाहीत. विहारात वंदनेला पांढरं, पौर्णिमेला पांढरं, लग्नाला पांढरं. त्यासाठी आईनं एक तोड काढली होती. मागच्या सीटखाली एक जुनी निळी चादर. गाडी कॉलनीच्या बाहेर पडली की आई आणि मी तिच्यात शिरायचो, मानेपर्यंत, आणि पुढे ट्रक असला तर नाकापर्यंत. ठिकाण आलं की चादर गोळा करून सीटखाली कोंबायची आणि पांढरंशुभ्र उतरायचं.

बाबांना यातलं काही माहीत नाही, असं आमचं दोघींचं ठाम मत होतं. ते गाडी चालवताना मान वळवत नसत. आरसा असा लावलेला की त्यात मागचा ट्रक तेवढा दिसे. स्वतः मात्र कायम राखाडी सफारीत. विहारातही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मले पांढरं शोभत नाही." आम्ही उतरलो की वरपासून खालपर्यंत आमच्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, "पाहा. एक डाग नाही." त्या वेळी त्यांचा चेहरा इतका खुललेला असायचा की खरं सांगायला आमची जीभ कधी रेटलीच नाही.

चार वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं. नवरा यवतमाळचा, हॉलही यवतमाळात. साडी पांढरी, रेशमी, नागपूरला तीन चकरा मारून मी स्वतः निवडलेली. आणि नेमकं त्याच महिन्यात शेजारच्या काकांनी नवी गाडी आणली. काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त, कोळशाच्या ट्रकांचे मालक. आमच्या अंगावर आजवर बसलेली निम्मी धूळ त्यांचीच असणार. गाडी काळी, लांब, आतून थंडगार.

"नवरी माह्या गाडीतून जाईन," काका चहा पिता पिता म्हणाले. "साडीले डाग नाही लागन."

मनातल्या मनात मी जाऊन बसलीही होती त्या गाडीत. बाबांनी बशी खाली ठेवली.

"माह्या गाडीत डाग लागते, असं कोण म्हणते?"

मी म्हणते, असं मी म्हणणारच होती, तेवढ्यात आईनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"तसं नाही, दादा..." काका सावरून घेत म्हणाले.

"तसंच आहे. रविवारी पाहून घेऊ. दोन गाड्या, दोन पांढरे. माह्या गाडीतून उतरणाऱ्याच्या कपड्यावर एक डाग दिसला तं पोरगी तुह्या गाडीत जाईन, आणि ही तसबीर मी माह्या हातानं काढीन."

झालं. रविवारी सकाळी अर्धी कॉलनी आमच्या फाटकाशी. आई पांढरी साडी नेसून बाबांच्या गाडीत, मी पांढरा ड्रेस घालून काकांच्या. कोळसा जिथं वॅगनमध्ये भरतात त्या रेल्वे सायडिंगपर्यंत जायचं आणि परत, तेही काकांच्याच एका भरलेल्या ट्रकच्या मागे. काकांच्या गाडीत बाहेरचा आवाजसुद्धा येत नव्हता. मी मागच्या काचेतून वळून पाहिलं. बाबा ताठ बसून गाडी चालवून राह्यले होते, आणि त्यांच्या मागे सीटवर एक निळं बोचकं होतं, चष्मा लावलेलं.

परत आलो. मी उतरली, स्वच्छ. मग बाबांनी उतरून आईसाठी दार उघडलं. आई उतरली. साडी दुधासारखी. लोक पुढे सरकून पदर पाहायला लागले, एकीनं निऱ्यासुद्धा उचलून पाहिल्या. मग आईनं चष्मा काढला. डोळ्यांभोवती दोन गोरी वर्तुळं आणि बाकी कपाळ डांबरासारखं.

"दादा, वहिनीचं तोंड पाहा," काका म्हणाले.

"कपड्याचं बोललो होतो," बाबा शांतपणे म्हणाले. "तोंडाचं जाहिरातीत काही नाही."

काकांनी हात जोडले. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला धरलं. "तू चीटिंग काहून केली? माह्या साडीचं काय आता?"

आई तोंड धूत होती. "इतकी वर्षं त्यांचा मान राखला. आता लग्नाले आठ दिवस राह्यले अन् घालवू? तसबीर काढलेली भिंत पाहवन तुले?"

मला पाहवली नसती. पण राग आला तो आलाच. दोन दिवस मी आईशी बोलली नाही.

लग्नाच्या सकाळी मी वणी सोडली ती अशी: केसांत मोगरा, हातात हिरव्या बांगड्या, अंगावर रेशमी साडी आणि त्यावर मानेपासून पायापर्यंत निळी चादर. वाटेतलं मारेगाव येईपर्यंत पुढे तीन ट्रक. ब्यूटी पार्लरवालीचे कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून आईनं माझं डोकंही आत घेतलं. आतल्या अंधारात मी मनात म्हणाली, त्या जाहिरातवाल्याला कोणीतरी माझ्यापुढे आणून उभं करा.

यवतमाळचा हॉल आला. गाडी थांबायच्या आत मी चादर ओढली, काळीकुट्ट झालेली, तशीच सीटखाली कोंबली. बाबांनी दार उघडलं. पाहिलं. "पाहा," ते नेहमीसारखं म्हणाले, "एक डाग नाही." या वेळी आवाज जरा ओला होता. माझा राग तिथेच ओसरला.

वंदना झाली, लग्न लागलं, जेवणं झाली. सासर हॉलपासून दहा मिनिटांवर, आणि तिथवर बाबांनीच सोडायचं ठरलं होतं. नवरा पुढे बसला, मी आणि आई मागे. माझा हात सवयीनं सीटखाली गेला. चादर होती. पण गोळा नव्हता. झटकलेली, चारी कोपरे जुळवून, ऑफिसातल्या फायलीसारखी घडी घातलेली.

"कधी झटकली तू?" मी आईला हळूच विचारलं.

"मी? मी तं हॉलमधून हललीच नाही."

"अन् घरी धुवत कोण होतं दर वेळी?"

"तू ना?"

"मी कायले? मले तं वाटे तू धुते."

आम्ही दोघींनी एकदमच समोर पाहिलं. बाबांची राखाडी पाठ होती. सारी वर्षं, सगळ्या पौर्णिमा, सगळी लग्नं, आणि त्या गाडीत चादर एकच होती, आम्हा दोघींपुरती. मला रडू कोसळलं. नवऱ्याला वाटलं, माहेर सुटलं म्हणून रडते आहे, आणि त्यानं मला पाण्याची बाटली दिली.

सासरच्या दारात बाबांनी मला उतरवलं. मग वाकून सीटखालची घडी काढली आणि माझ्या हातात दिली. "ठेव. येताना कामी येईन," एवढंच म्हणाले.

तसबीर अजून भिंतीवर आहे. मागच्या महिन्यात माझ्या सासूबाई वणीला आल्या, चष्मा लावून जाहिरात वाचली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खरंच धूळ जात नाही का गं तुमच्या गाडीत?" बाबा दारातून ऐकत होते, राखाडी सफारीत.

"लग्नात तुम्ही माझी साडी पाहिली होती," मी म्हटलं. "होता का एक तरी डाग?"