फिर गं

माथेरानच्या नाक्यावरचा तो घोडेवाला पर्यटकांसाठी एकच शब्द वापरायचा. "टर्न हाय साहेब, घट्ट धरा. पडलात तर घोडी हसंल." घोडीसाठी मात्र त्याचे शब्द वेगळे होते. रस्त्याच्या वळणावर "वळ गं", अरुंद जागी "मुरड गं" आणि पॉइंटवरून परतताना "फिर गं, घरी जायचं." हा शेवटचा ऐकला की ती आपणहून वाट धरायची.

गुडघ्यांमुळे त्याला चढ चढवेना, तेव्हा त्याने घोडी विकली. नवा मालक तिला नेऊ लागला तशी ती थांबली आणि मान वळवून याच्याकडे बघत राहिली. "फिर" म्हटलं असतं, तर ती आली असती.

"सरळ जा गं," तो म्हणाला आणि त्याने स्वतःच पाठ फिरवली.